लॉस एंजेलिस (एल.ए.) डाउनटाउनची झूट सूट वॉकिंग टूर: जा, पण एक गोष्ट आधी वाचून जा

5 पैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार शेवटच्या त्या फोटोच्या प्रकारासाठी कापलाय, एक का कापला ते खाली येईलच.

बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेले. डिस्नेलँड झालं, हॉलीवूड झालं, माणसाला कशातच रस नाही, कारण सगळं आयुष्य शिलाई मशीनवर गेलंय, मॉलमध्ये नेलं तरी लोकांच्या पँटची मोहरी बघत बसतात. मग ही 1943 च्या झूट सूट दंगलीवरची टूर दिसली, माणशी 35 डॉलर, अडीच तास, पर्शिंग स्क्वेअरपासून पायी. म्हटलं सूटबद्दल आहे ना, बाबा खूश. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार करायचीय आणि गाइड मुलगा खरंच गोड होता, एल.ए.च्याच बॉइल हाइट्स वस्तीत वाढलेला, आजोबांच्या तोंडून ऐकलेलं सांगत होता.

तर झूट सूट म्हणजे काय. गुडघ्यापर्यंत कोट, खांद्यात भरपूर पॅडिंग, पँट गुडघ्याजवळ फुग्यासारखी आणि घोट्याशी एकदम आवळलेली, घड्याळाची साखळी लोंबतेय. फॅशन मूळची काळ्या जॅझवाल्यांची, मग एल.ए.च्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी उचलली, त्यांना पचूको म्हणायचे, आणि पोरी पण मागे नव्हत्या, उंच केस आणि तसलेच लांब कोट. गाइडने फोटो दाखवला तर बाबांनी फोन त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "अगं, साध्या सुटाच्या दीडपट कापड गेलंय ह्यात, आणि बेतलंय बघ कसं!" आता अडचण नेमकी तिथेच होती, 1942 मध्ये अमेरिकन सरकारने युद्धासाठी लोकरीच्या कापडावर बंधनं आणली, म्हणजे असा ढगळ सूट घालणारा हा देशद्रोही असा हिशोब गोऱ्या लोकांनी लावून टाकला. बाबा लगेच म्हणाले, आपल्याकडे पण तेव्हाच कापडावर कंट्रोल आलं, अण्णा सांगायचे. (अण्णा म्हणजे माझे आजोबा, तेही शिंपीच.) पण कंट्रोल आलं म्हणून कुणी कुणाचे कपडे रस्त्यात उतरवले नाहीत, हे पण बाबाच म्हणाले.

3 जून 1943 ला एल.ए.तल्याच चावेझ रविनच्या नौदल आर्मरीतून, म्हणजे नौदलाच्या तळावरून, पन्नासेक नाविक दंडुके वगैरे घेऊन निघाले, थिएटरमध्ये शिरले, दिवे लावायला लावले आणि झूट सूटवाली पोरं शोधून मारली, त्यातली काही बारा-तेरा वर्षांची. दुसऱ्या रात्री दोनशेच्या आसपास नाविक वीसेक टॅक्स्या भाड्याने करून ईस्ट एल.ए.त गेले. टॅक्स्या करून!! 7 जूनला तर हजारो माणसं रस्त्यावर, सैनिक आणि साधी पब्लिक दोन्ही, स्ट्रीटकार म्हणजे ट्राम थांबवून पोरं खाली खेचायची, मारायची, कपडे फाडायचे, काही कपड्यांची होळी करायची. सूट नसलेले मेक्सिकन पण सुटले नाहीत, काळे आणि फिलिपिनो पण नाहीत. पोलीस मागून येऊन अटक कुणाला करायचे, तर मार खाल्लेल्यांना. पेपरात झूटवाल्यांना कसा धडा मिळाला अशा थाटाची हेडलाइन. शेवटी लष्करानेच आपल्या लोकांना शहरात जायला बंदी केली तेव्हा कुठे थंड झालं, आणि नगर परिषदेने काय केलं, तर झूट सूटवरच बंदी आणायचा ठराव. ह्या सगळ्याला नाव पडलं झूट सूट दंगल. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याच कपड्यांचं नाव, नाविकांची दंगल कुणी म्हणत नाही.

हे सगळं गाइडने ब्रॉडवेवर उभं राहून सांगितलं, मागे जुनी थिएटरं, अंगावर काटा येतो. इथपर्यंत पाच स्टार.

आता तक्रार. टूरमध्ये ही गोष्ट 3 जून 1943 पासूनच सांगतात, म्हणजे असं वाटतं की एका रात्री नाविकांचं डोकं फिरलं. पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. ऑगस्ट 1942 मध्ये स्लीपी लगून नावाच्या पाणसाठ्याजवळ होसे डियाझ नावाचा 22 वर्षांचा तरुण मरणाच्या दारात सापडला, सैन्यात भरती व्हायच्या बेतात होता तो. कुणी मारलं हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. पोलिसांनी सहाशेच्या आसपास पोरं उचलली, 22 जणांवर खटला, जानेवारी 1943 मध्ये 17 दोषी. खटला चालू असताना बरेच दिवस त्यांना केस कापू दिले नाहीत, कपडे बदलू दिले नाहीत, म्हणजे ज्युरीसमोर गुंड दिसायला पाहिजेत! वकिलांच्या शेजारी बसू दिलं नाही. आणि शेरिफ खात्यातला एड ड्युरान आयर्स नावाचा अधिकारी ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा की नाही ते ठरवणारे नागरिक) लेखी सांगतो की मेक्सिकन माणसात हिंसा रक्तातूनच येते, मेक्सिकोच्या जुन्या अझ्टेक लोकांपासून. ऑक्टोबर 1944 मध्ये अपिलात सगळ्यांच्या शिक्षा रद्द झाल्या, तोवर पोरांची जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात गेलेली. पेपरांनी वर्षभर हे तापवत ठेवलं म्हणून जूनमध्ये नाविकांना वाटलं आपण शहर साफ करतोय. हे गाळलं की उरते नुसती कपड्यांवरची मारामारी.

मी विचारलं तर गाइड म्हणाला वेळ पुरत नाही. आणि मग शेवटची वीस मिनिटं कशात गेली? भाड्याचे झूट सूट घालून फोटो! टोपी, साखळी, सगळं. आमच्या ग्रुपमधला एक जण ठोसा मारायची पोझ देत होता, मला कसंतरीच झालं.

बाबांनी पण कोट घेतला पण घातला नाही, उलटा करून अस्तर बघितलं, शिवण बघितली, मग मला म्हणाले त्याला सांग, पॉलिस्टर आहे, आणि मोहरी दोन इंच जास्त आहे, हा सूट त्या पोरांनी घातलाच नसता. मी भाषांतर केलं. गाइड आधी हसला आणि मग बराच वेळ बाबांना विचारत बसला की खांद्याला आत काय काय भरायचे, आणि बाबा मराठीत आणि हातवारे करत त्याला बक्रम, म्हणजे कोटाच्या आत घालायचं ताठ कापड, समजावत होते.

सकाळचाच स्लॉट घ्या, दुपारी ब्रॉडवेवर ऊन फार लागतं, आणि वयस्कर माणसं असतील तर आधी सांगून ठेवा, मध्ये बसायला कुठेच थांबत नाहीत.