४० पीसचा टॅप-डाय सेट, सहा महिने वापरल्यावर

डबा उघडला की एकदम भारी वाटतं, एम ३ पासून एम १२ पर्यंतचे (म्हणजे ३ ते १२ मिमी बोल्टचे) भोकात आटे पाडायचे टॅप, तेवढ्याच सळईवर आटे पाडायच्या डाय, दोन्हींची हँडल, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर बघायचं पिच गेज, सगळं आपापल्या खाचेत बसलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असल्या डब्यांवरचं स्टिकर बदलतं, आतला माल सगळीकडे सारखाच वाटतो.

आधी वाईट सांगतो. टॅपचं हँडल बेकार आहे. जबडे कितीही आवळा, टॅप आत डुलतोच, आणि टॅप डुलला की भोकात तिरका शिरतो, तिरका शिरला की अडकतो आणि अडकल्यावर आपण जोर लावतो... माझा एम ४ असाच कट्कन गेला. तुटलेला टॅप ड्रिलने काढता येत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो, मग पंचने ठोकून ठोकून त्याचे तुकडे करत बसलो आणि शेवटी भोकाची वाट लागली ती लागलीच. चूक अर्धी माझी पण आहे, पहिल्या दोन आट्यांनंतर गुण्या लावून बघायला पाहिजे होतं, दोन बाजूंनी, एका बाजूने बघून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, एका साइजला एकच टॅप. हाताने आटे पाडायचे तर खरं म्हणजे तिघांचा संच लागतो, टेपर, सेकंड आणि प्लग, एकाने सुरुवात, दुसऱ्याने आटा खोल करायचा, तिसऱ्याने तळापर्यंत साफ. यात जो आहे तो मधलाच आहे. आरपार भोक असेल तर चालून जातं, पण बंद भोकात खालचे तीन-चार आटे अर्धवटच राहतात आणि बोल्ट बसायच्या आधीच टेकतो.

स्टील कार्बनचं आहे, एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील नाही. यावरून लोक फार नाक मुरडतात पण मला एवढं नाही पटत, एचएसएसचा खरा फायदा गरम झाल्यावर, आणि हाताने फिरवताना टॅप असा कितीसा तापणार. धार मात्र लवकर जाते, माइल्ड स्टीलमध्ये एम ६ ची पंधरा-वीस भोकं झाल्यावर फिरवायला जड जायला लागला.

ड्रिलचा चार्ट, म्हणजे कोणत्या टॅपला आधी किती मिमीचं भोक पाडायचं ते, झाकणावर आहे आणि बरोबर आहे, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. पाठ नसेल तरी साइजमधून पिच वजा करा, जवळपास तेच येतं. भोक बारीक ठेवलं तर आटे जास्त मजबूत होतील असं वाटतं बऱ्याच जणांना, तसं काही होत नाही, टॅपच तुटतो. आणि तेल लावा राव! स्टीलला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला कोरडंच चालतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस तुटल्याचं हाताला कळतं.

आता चांगलं. डाय मस्त आहेत, खरंच. बाजूला छोटा स्क्रू आहे, तो आवळला की डाय किंचित उघडते, म्हणजे पहिला कट हलका घ्यायचा, मग ढिला करून दुसरा. ८ मिमीच्या सळईचं टोक कानशीने नीट तिरकं केलं, डायची अक्षरांची बाजू सळईकडे ठेवली, आटे असे सुरेख आले की नट बोटाने फिरत गेला. गंजलेले बोल्ट साफ करायला तर हा डबा सोनं आहे, फक्त आधी पिच गेज लावून बघा, एम १० मध्ये १.५ पण असतो आणि १.२५ पण, चुकीची डाय फिरवली की होते ते आटे पण जातात.

पाचपैकी तीन. दुरुस्तीची किरकोळ कामं असतील तर घ्या, हँडल मात्र वेगळं चांगलं घ्या. नवीन आटे रोज पाडायचे असतील तर डबा नको, एम ५, एम ६, एम ८ चे एचएसएसचे तीन-तीनचे संच सुटे घ्या, बाकीचे साइज एरवी लागतात कोणाला. एम ३ कसा आहे ते सांगू शकत नाही, एम ४ नंतर हातच लावलेला नाही त्याला.