अमेरिकन कायद्याचा वीकेंड क्लास, सदाशिव पेठ: आठ आठवडे करून आले, साडेतीन स्टार

क्लासचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. बॅच चौदा जणांची, त्यातल्या कोणीही हे वाचलं तरी कोण बोलतंय ते लगेच कळेल आणि मला मॅडमकडे पुढचा भाग करायला परत जायचंय. दुसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना असा की समोरून कोणी उतरत असेल तर आपण खालीच थांबायचं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी बीकॉम एलएलबी, खराडीला एका कंपनीत दिवसभर अमेरिकन क्लायंटचे करार तपासते. तीन वर्षं झाली हे काम करतेय तरी कराराच्या शेवटी 'न्यूयॉर्क राज्याचा कायदा लागू' असं आलं की मी सरळ पुढे जायचे, कारण न्यूयॉर्कचा कायदा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा म्हणजे नक्की काय हेच माहीत नव्हतं. टीम लीडने एकदा विचारलं तर मी बिनधास्त "तेच ते सर" म्हणून मोकळी झाले होते. तर ते तेच ते नसतं, आणि हे कळायला साडेसहा हजार गेले, पण गेले ते बरं झालं.

पहिले दोन शनिवार फक्त कोर्टं. आपल्याकडे कसं, एकच उतरंड, खाली तालुका जिल्हा मग हायकोर्ट मग दिल्ली, आणि कायदा केंद्राचा असो की राज्याचा, दावा त्याच शिवाजीनगर कोर्टात जातो. तिकडे दोन उतरंडी शेजारी शेजारी. ५० राज्यांची आपापली कोर्टं, आणि त्याशिवाय फेडरल, म्हणजे केंद्राची, कोर्टं, खाली ९४ डिस्ट्रिक्ट, मध्ये १३ अपिलाची, वर ९ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. ते ९ जण तहहयात, आपल्यासारखं ६५ ला निवृत्त वगैरे काही नाही. आणि यात सगळ्यात मोठी फजिती म्हणजे न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं कोर्ट आहे, जिथे खटला मुळात चालतो ते, सगळ्यात वरच्याला 'कोर्ट ऑफ अपील्स' म्हणतात. सगळे हसले. मी नाही हसले, कारण मला गेल्या वर्षी मीच पाठवलेली एक मेल आठवली, "सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आता पुढे काही होऊ शकत नाही" अशी. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं म्हणजे बाकीच्यांनाही माहीत नसणार.

मॅडम शिकवतात गोष्टी सांगून आणि मग उभं करून. आधी घरून निकाल वाचून यायचा, मग "तुम्ही, निळा कुर्ता, सांगा काय झालं". ही पद्धत हार्वर्डमध्ये लँगडेल नावाच्या डीनने १८७० नंतर रुजवली म्हणे. आपल्याला कॉलेजात कलमं पाठ करून, शेवटच्या आठवड्यात गाईड वाचून पास व्हायची सवय, त्यामुळे पहिले तीन तास भयंकर गेले. मुद्दा काय, नियम काय, तो या घटनेला कसा लागतो, म्हणून निष्कर्ष काय, याच क्रमाने बोलायचं, मध्ये घुटमळलं की परत पहिल्यापासून.

पण गोष्टी काय सांगतात! टॉम्पकिन्स नावाचा माणूस पेनसिल्वेनियात रात्री रुळाशेजारच्या पायवाटेने चाललेला, मालगाडीच्या डब्यातून काहीतरी बाहेर आलेलं, दारासारखं, ते लागलं आणि त्याचा हात गेला. पेनसिल्वेनियाच्या नियमाने तो रेल्वेच्या जागेत घुसलेला माणूस, त्याला फारसं काही मिळणार नव्हतं, म्हणून वकिलाने हुशारी केली आणि न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला, तिथे तेव्हा फेडरल न्यायाधीश स्वतःचा वेगळा नियम लावायचे. ज्युरीने तीस हजार डॉलर दिलेसुद्धा. १९३८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, असा सगळ्या देशाचा सामान्य फेडरल नियम नसतोच, कोर्ट फेडरल असलं तरी कायदा राज्याचाच लागणार. झालं, तीस हजार गेले. आजही दोन वेगळ्या राज्यातली माणसं भांडली आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर असली तर फेडरल कोर्टात जाता येतं, पण कायदा सोबत राज्याचाच न्यायचा. माझ्या त्या करारातल्या ओळीचा अर्थ मला इथे लागला.

दुसरी पाल्सग्राफची, १९२८, न्यूयॉर्क. सुटलेल्या गाडीत एक जण पुडकं घेऊन चढतोय, एक रेल्वे कर्मचारी आतून ओढतोय, दुसरा मागून ढकलतोय (लोणावळा लोकल डोळ्यासमोर आणा), पुडकं पडतं, त्यात फटाके, स्फोट होतो आणि लांब प्लॅटफॉर्मवरचा वजनकाटा पाल्सग्राफ नावाच्या बाईंच्या अंगावर पडतो. रेल्वे भरपाई देणार का? न्यायाधीश कार्डोझो म्हणाले नाही, त्या पुडक्यावरून त्या बाईंना धोका आहे असं कोणाला दिसणार होतं. निकाल ४ विरुद्ध ३. आमच्या वर्गात ८ विरुद्ध ६ झाला, उलटा, आणि चहाला खाली उतरलो तरी भांडण चालूच.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते पाचव्या रविवारी. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही अशी अट करारात असते ना, ती आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. कॅलिफोर्नियातही टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र अट वाजवी असली तर टिकू शकते. मला वाटायचं हा योगायोग. तर नाही, डेव्हिड डडली फील्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलाने सगळ्या दिवाणी कायद्याचा मसुदा लिहिला होता, तो खुद्द न्यूयॉर्कने घेतला नाही, कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये घेतला, आणि आपलं कलम २७ सुद्धा त्याच मसुद्यावरून आलेलं, वर्षही तेच. म्हणजे मी खराडीत बसून ज्या अटीवर लाल शेरा मारते तो शेरा दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्याच एका माणसाच्या कागदावरून आलाय. मी त्या दिवशी घरी येऊन आईला पण सांगितलं, ती म्हणाली बरं, कुकर लाव.

'ड्यू प्रोसेस'चा (योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचं काही काढून घ्यायचं नाही, तो नियम) तास मात्र माझा बुडाल्यातच जमा. सम-विषम तारीख न बघता गाडी लावली, चूक माझीच, उचलून नेली, आणि नोटीस द्या, म्हणणं मांडू द्या हे ज्या तासाला शिकायचं त्या तासाला मी दंड भरत होते. शेवटची वीस मिनिटं मिळाली. त्यात कळलं की आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये 'ड्यू प्रोसेस' हे शब्द येणार होते, घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटले, त्यांनी नको म्हटलं, मग 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आलं, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तीच गोष्ट मागच्या दाराने आत घेतली.

आता तक्रारी. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, पान ११ नंतर थेट १४. फौजदारी सगळं एका रविवारात कोंबलं, मिरांडाचा १९६६ चा निकाल (पोलिसांनी चौकशीआधी गप्प राहायचा हक्क सांगायचा, तो) दहा मिनिटांत, ज्युरी कशी निवडतात ते तर घरी वाचा. मालविक्रीचा जो समान व्यापारी कायदा जवळजवळ सगळ्या राज्यांनी घेतलाय, जो आमच्यासारख्या करारवाल्यांना रोज लागतो, त्याला फक्त वीस मिनिटं, लुईझियानाने त्यातला विक्रीचा भाग घेतलेला नाही एवढं सांगून पुढे. आणि एक मुलगा एलएलएमला जाणार होता, तो दर तासाला न्यूयॉर्कच्या बार परीक्षेचं (तिथे वकिली करायला द्यावी लागते ती) विचारायचा, मॅडम उत्तर देत बसायच्या, तेवढ्यात आमचं सगळ्यांचं अर्धं पान जायचं.

परदेशी प्रवेशाची तयारी हवी असेल तर हा क्लास त्यासाठी नाही. करार, बॅक ऑफिस, कंप्लायन्स असल्या कामात असाल किंवा नुसतं कुतूहल असेल तर डोळे झाकून लावा. फी दोन हप्त्यात घेतात, पावती मागावी लागते. गाडी लांब लावून चालत या. पंखा एकच आहे आणि तो पहिल्या रांगेवर, पण तिथे बसलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच, म्हणून तिसऱ्या रांगेतली खिडकीची खुर्ची पकडा, ती मी सोडलीये.