नऊ महिन्यांचा अनुभव: आमच्या पत्र्याच्या चर्चमधला कॉर्डलेस माइक

आमच्या चर्चमध्ये साक्षीची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव मंडळीपुढं सांगायची, वेळ आली की उठणारी माणसं ठरलेली असायची, ज्यांचे गुडघे धड आहेत ती. वायरचा माइक पुढून जेमतेम तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा. मागं भिंतीला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्या बाया जागेवरूनच बोलायच्या, आणि पुढच्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. प्रार्थनेची विनंती पाळकसाहेब दोन-दोनदा विचारून घ्यायचे. एका आजींनी मला सरळच सांगितलं, “बाबा, मी बोलायलेय ते देवाला ऐकू जातंय, पर मंडळीला कवा ऐकू जाणार?” त्यानंतरच्या पंचकमिटीत कॉर्डलेस माइकचा विषय मी काढला.

2024 च्या नोव्हेंबरात, नाताळाच्या आधी, आम्ही दोन माइकांचा सेट घेतला. आता ऑगस्ट संपत आलाय. रविवारची उपासना, बुधवारची घरोघरची प्रार्थना, दोन लग्नं, एक दफनविधी, शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाची (ईस्टरची) पहाट एवढ्या ठिकाणी तो वापरून झालाय. त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

आधी जागा सांगतो, कारण सगळं जागेवर अवलंबून आहे. जालना जिल्ह्यात अंबडकडचं आमचं गाव. या भागातली ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, आमच्यातल्या काही घरांची मुळं तिथलीच. चर्च मात्र साधं: चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. ऐंशी-नव्वद माणसं बसतात. अहुजाचा जुना अॅम्प्लिफायर आणि भिंतीवर दोन कॉलम स्पीकर. सुगीच्या सणाला आलेल्या ज्वारी, भोपळे, कोंबड्यांच्या लिलावातून सात हजार रुपये बाजूला पडले होते. बजेट तेवढंच.

त्याच्या आदल्या वर्षी आमची एक चूक झाली होती. बाजारातून अठराशे रुपयांचा दोन माइकांचा सेट आणला. तो व्हीएचएफ, म्हणजे रेडिओ लहरींच्या खालच्या पट्ट्यातला, होता आणि त्याची फ्रिक्वेन्सी कारखान्यात ठरलेली, बदलायची सोयच नाही. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की खरखर, जनरेटर लावला की घरघर, स्वस्त एलईडी बल्ब पेटला तरी बारीक शीळ. व्हीएचएफच्या पट्ट्यात विजेच्या उपकरणांचा गोंधळ जास्त शिरतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं परत घेतला नाही. मंडळीचे पैसे होते, म्हणून ते अजून लागतं.

या वेळी मी महिनाभर चौकशी केली. पहिला मुद्दा फ्रिक्वेन्सीचा, आणि बहुतेक लोक तोच बघत नाहीत. सगळे खोक्यावरची ‘रेंज 100 मीटर’ वाचतात. आपल्याला साठ फूट पुरतात. बघायचं ते हे: माइक कोणत्या पट्ट्यात चालतो आणि तो पट्टा बदलता येतो का. स्वस्तात मिळणारे कितीतरी सेट 740 ते 790 मेगाहर्ट्झमध्ये असतात. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग मोबाइल सेवेला गेला. या पट्ट्यात 703 ते 748 ही जागा फोनांच्या बोलण्याची आणि 758 ते 803 टॉवरची. नाताळच्या कार्यक्रमात पन्नास जण फोन उंचावून शूटिंग करत असताना अशा माइकाचं काय होणार, ते सांगायला नको. आठशेच्या आसपासही तीच अडचण. म्हणून सातशेच्या खालचा आणि चॅनल बदलता येणाराच सेट घ्यायचा, असं मी ठरवलं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आहे का, हेही बिल करताना विचारावं. 

2.4 गिगाहर्ट्झचा एक सेट ओळखीच्या मंडपवाल्याकडून रविवारपुरता आणून पाहिला. तो पट्टा परवानामुक्त आहे, आवाजही स्वच्छ होता. पण लोक गीताला उभे राहिले की मागच्या रांगेतून आवाज तुटायचा. माणसाच्या अंगात पाणी, आणि या लहरी त्यात जिरतात. शिवाय वायफाय आणि हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात. रिसीव्हर (माइकाच्या लहरी पकडून अॅम्प्लिफायरला देणारा डबा) पाचेक फुटांवर असेल तर तो सेट उत्तम. भरलेल्या चर्चच्या शेवटच्या बाकासाठी नाही.

शेवटी 6,800 रुपयांना यूएचएफचा, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यातला, सेट आला. धातूच्या बॉडीचे दोन डायनॅमिक माइक, दोन अँटेनांचा रिसीव्हर, प्रत्येक माइकात दोन पेन्सिल सेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सारख्याच दिसणारे सेट वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, तेव्हा नावापेक्षा वर सांगितलेल्या गोष्टी तपासाव्यात. एक लक्षात ठेवा, दोन अँटेना दिसल्या म्हणजे प्रत्येक माइकाला दोन्हींचा फायदा मिळतोच असं नाही. पुष्कळ सेटांत एकेक अँटेना एकेका माइकाची असते. आमचाही तसाच निघाला.

पहिले दोन रविवार मला घाम फुटला. खिडकीपाशी एका ठरावीक जागी उभं राहिलं की आवाज गायब, दोन पावलं सरकलं की हजर. पत्र्यावरून आणि लोखंडी खिडक्यांवरून लहरी उलटून येतात आणि एखाद्या जागी एकमेकींना मारतात. रिसीव्हर मी अॅम्प्लिफायरच्या खाली, लाकडी कपाटात ठेवला होता. तो बाहेर काढून माणसांच्या डोक्यांच्या वर फळीवर ठेवला, अँटेना व्ही आकारात फाकवल्या, चॅनल बदलला. ती जागा तेव्हापासून बोलते. एक पैसा लागला नाही.

दुसरी गडबड आवाजाच्या पातळीची. रिसीव्हरची वायर माइकच्या इनपुटला लावली तर आवाज फाटायचा, ऑक्सला (टेप, मोबाइल जोडायच्या इनपुटला) लावली तर मेल्यासारखा. आता माइकच्या इनपुटलाच आहे, पण रिसीव्हरवरची बटणं निम्म्यावर आणि बाकीचं अॅम्प्लिफायरवर. गीताला पेटी, ढोलकी, टाळ सुरू झाले तरी बोल स्पष्ट येतात.

माइक धरायला शिकवणं हे मात्र खरं काम निघालं. तरुण संघातली पोरं माइकाची जाळी मुठीत आवळतात. मागून येणारा आवाज टाळायची माइकाची रचना त्यानं मोडते आणि शिट्टी सुरू होते. खाली बुडाला धरलं तर तिथं अँटेना असते, सिग्नल कमी होतो. मधोमध धरायचा, तोंडापासून चार बोटं. मी संडे स्कूलच्या मुलांना दहा मिनिटं हेच शिकवलं. आता तीच मुलं मोठ्यांचा हात धरून नीट करतात. माइक घेऊन स्पीकरच्या पुढं जायचं नाही, हेही त्यांनाच आधी समजलं.

आणि त्या आजी. नाताळानंतरच्या रविवारी संडे स्कूलची एक मुलगी माइक घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि तिनंच तो धरून ठेवला. आजी बसूनच बोलल्या. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात शेजारच्यांनी कसं रात्ररात्र जागून काढलं, ते त्यांनी सांगितलं. बारा वर्षं एका चर्चमध्ये बसून हे मला माहीत नव्हतं. आता दर रविवारी मागच्या बाकांवरून दोन-तीन साक्षी होतात.

सेलचा खर्च आधीच धरा. घड्याळात घालतात ते दहा-पंधरा रुपयांचे सेल एका उपासनेत मान टाकतात. अल्कलाइनचे आमच्याकडं साधारण सहा तास चालले. फेब्रुवारीत चार्ज होणारे आठ निकेल-मेटल सेल आणि चार्जर घेतला, कारण दर महिन्याला सेलसाठी दान मागणं मला बरं वाटेना. हे सेल 1.2 व्होल्टचे, साधे 1.5 चे, म्हणून माइकावरची बॅटरीची खूण पहिल्यापासून एक काडी कमी दाखवते. घाबरायचं नाही. पण संपताना ते हळूहळू न संपता एकदम बसतात, म्हणून चार सेल माझ्या खिशात असतात. लाईट जाते त्या वेळा बघून मी शनिवारी दुपारीच चार्जिंगला लावतो.

एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा वाढला तेव्हा माझ्याकडून एका माइकात जुने अल्कलाइन सेल राहिले. पत्र्याखाली आठवडाभर तापून ते गळले, स्प्रिंगवर पांढरा थर. कापसावर लिंबाचा थोडा रस घेऊन पुसलं, मग ओल्या आणि कोरड्या कापडानं. माइक वाचला. तेव्हापासून उपासना संपली की सेल बाहेर.

खरी परीक्षा 18 एप्रिलला झाली, शुभ शुक्रवारी. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, त्यांवर सात बोलणारे, मध्ये गीतं. दोन्ही माइक सलग तीन तास चालले, एकदाही आवाज तुटला नाही. पाचव्या उद्गारानंतर मी तरीही सेल बदलले. रविवारी पहाटे कबरस्थानात मोकळ्यावर बॅटरीच्या स्पीकरला जोडला, तिथं तर शंभर फुटांवरूनही स्वच्छ.

एक फायदा खरेदीच्या वेळी डोक्यातही नव्हता. दिवाळीनंतर आमची बरीच घरं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. त्यांना उपदेशाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पूर्वी बाकावर फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे नुसता पत्र्याचा घुमारा. आता साक्षीसुद्धा माइकवर असल्यानं स्पीकरजवळ फोन ठेवला तरी सगळं कळतं. जानेवारीत कोपीवरून (ऊसतोड्यांच्या झोपडीवरून) एका भावाचा निरोप आला, आईची साक्ष टोळीतल्या सगळ्यांनी ऐकली.

उणिवा आहेत. दोन नंबरच्या माइकाचं सरकतं बटण सातव्या महिन्यापासून अडकतं. दोन्ही माइक एकमेकांना चिकटून धरले तर बारीक गुरगुर येते, म्हणून जोडगाणं म्हणणाऱ्यांना हातभर अंतर ठेवायला सांगतो. जाळीतला स्पंज दोन महिन्यांनी साबणाच्या पाण्यात धुवावा लागतो. आमच्याकडची धूळ आणि हिवाळ्यातला खोकला दोन्ही त्यात बसतात. पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. आणि पावसाचा मारा पत्र्यावर सुरू झाला की कुठलाच माइक कामाचा नाही, आम्ही गीत म्हणत थांबतो.

पुलपिटवरचा (उपदेशाच्या कट्ट्यावरचा) माइक आम्ही वायरचाच ठेवलाय. पाळकसाहेब एका जागी उभे राहतात, तिथं सेल जाळायचं कारण नाही. तुमच्याकडं आधीचा चांगला वायरचा माइक असेल तर तो मोडीत काढू नका; दोन कॉर्डलेसपैकी एक पुढच्या गाणाऱ्यांना द्या आणि दुसरा मागच्या बाकांसाठी ठेवा. आमच्याकडं तो शेवटच्या रांगेत, खिडकीच्या कट्ट्यावर, आजींच्या हाताशी असतो.