मुलांच्या अँटिबायोटिकसाठी बिनसुईची सिरिंज: वापरानंतरचे परीक्षण

जिवाणूंचा संसर्ग झालेल्या लहान मुलासाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे ड्राय सिरप लिहून दिले की पालकांच्या हाती भुकटीची बाटली, मापाचे प्लास्टिकचे झाकण आणि मात्रेची एक ओळ एवढेच येते. पुढचे सगळे काम घरी करायचे असते, आणि डॉक्टरांनी वजनावरून काढलेली मात्रा मुलाच्या पोटात तेवढीच पोचते की नाही, हे पुष्कळ अंशी मोजण्याच्या साधनावर अवलंबून असते. आमच्या मुलीच्या कानाच्या संसर्गाच्या वेळी मी झाकण बाजूला ठेवून तोंडावाटे औषध देण्याची, सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणि तिच्यासोबत आलेले बाटलीच्या तोंडात बसणारे छिद्राचे बूच वापरले. अशी सिरिंज अनेक कंपन्या बनवतात आणि तिची रचना साधारण सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या साधनाचे आहे.

झाकणाची अडचण अशी, की त्यावर बहुधा दोन-तीनच खुणा असतात, त्या पारदर्शक प्लास्टिकवर उठून दिसत नाहीत, झाकण किंचित तिरके धरले तरी पातळी बदलते आणि दाट औषधाचा थर तळाशी चिकटून राहतो. समजा, मुलाला एका वेळी १८० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन द्यायचे आहे. ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ असलेल्या बाटलीतून त्यासाठी ३.६ मिली औषध लागते. झाकणावर ३.६ची खूण नसते. माझ्या सिरिंजवर दर ०.२ मिलीला रेघ आहे आणि ही मात्रा नेमकी रेघेवर येते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली द्रव औषधे केवळ मिलीलिटरमध्ये मोजावीत अशी शिफारस केली. घरातल्या चमच्यांची मापे एकसारखी नसतात, त्यामुळे स्वयंपाकघरातला चमचा या कामाला मुळीच वापरू नये.

मात्र सिरिंज कितीही अचूक असली तरी बाटलीवरचा आकडा वाचण्याचे काम ती करू शकत नाही. तीच १८० मिग्रॅची मात्रा ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ असलेल्या बाटलीतून द्यायची झाली तर ७.२ मिली औषध घ्यावे लागते. म्हणजे दुकानात वेगळ्या तीव्रतेची बाटली मिळाली आणि आपण जुनाच मिलीचा आकडा धरला, तर मूल निम्मे किंवा दुप्पट औषध घेते. अमॉक्सिसिलिनमध्ये क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल (जिवाणूंचा प्रतिकार मोडून अमॉक्सिसिलिनला मदत करणारा घटक) मिसळलेल्या काही औषधांच्या नावापुढचा ४५७ हा आकडा तर ४०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि ५७ मिग्रॅ क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची बेरीज असतो, त्यामुळे हिशेब स्वतः न करता औषधविक्रेत्याकडून किंवा डॉक्टरांकडून मिलीचा आकडा बाटलीवरच लिहून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट भुकटीची. बाटली आधी हलवून भुकटी मोकळी करायची, उकळून गार केलेले किंवा सोबत दिलेले पाणी थोडे घालून जोरात हलवायचे, आणि फेस बसल्यावर पातळी खाली आलेली दिसली की पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालायचे. फेसालाच पातळी समजून थांबले तर औषध ठरल्यापेक्षा तीव्र होते. नंतरही प्रत्येक वेळी बाटली हलवावीच लागते, कारण औषधाचे कण तळाशी बसतात. न हलवता काढलेल्या सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि शेवटच्या दाट होतात. तयार औषध काही दिवसच टिकते आणि ती मुदत लेबलवर असते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे तयार औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागते, तर क्लॅरिथ्रोमायसिनचे फ्रिजमध्ये ठेवायचे नसते, म्हणून सगळ्या बाटल्यांना एकच नियम लावणे चुकीचे ठरते.

वापरायला सिरिंज सोपी आहे. बूच बसवायचे, सिरिंज त्यात घट्ट लावून बाटली उलटी करायची आणि दट्ट्या ओढायचा; बुडबुडे आले तर औषध परत ढकलून पुन्हा घ्यायचे, कारण बुडबुड्याने अडवलेली जागा म्हणजे तेवढे कमी औषध. आकडा दट्ट्याच्या टोकाकडील कडेशी, डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचा. मुलाला ताठ बसवून टोक गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे व थोडे थोडे औषध सोडावे. घशावर धार सोडली तर ठसका लागतो आणि औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रडणाऱ्या किंवा आडव्या मुलाच्या बाबतीत तर हे मुळीच करू नये. औषध दुधाच्या भरलेल्या बाटलीतही मिसळू नये, कारण दूध उरले की त्याच्यासोबत मात्राही उरते.

दोष आहेतच. टोकावरचे छोटे टोपण हा सर्वांत गंभीर दोष: ते तसेच राहिले तर सुटून मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ते पहिल्याच वेळी काढून फेकून द्यावे. धुऊन धुऊन रेघा पुसट होतात आणि रबर कडक होऊन दट्ट्या झटक्याने सरकतो; असे झाले की सिरिंज बदलावी. दट्ट्या वेगळा करून साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही तर आत साखरेचा चिकट थर साचतो. १० मिलीची सिरिंज लहान मात्रेसाठी घेऊ नये. पूर्ण मात्रा एका वेळी मावेल अशी सर्वांत लहान सिरिंज अधिक अचूक असते.

एखादी मात्रा द्यायची राहिल्यास आठवताच द्यावी, पण पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट देऊ नये. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. ताप उतरला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये आणि उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी ठेवू नये. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

एवढे दोष धरूनही मी ही सिरिंज झाकणापेक्षा निःसंशय वरच्या दर्जाची मानते. औषध कंपन्यांनी ड्राय सिरपच्या प्रत्येक खोक्यात झाकणाऐवजी ठळक खुणांची, बिनटोपणाची सिरिंज आणि बूच द्यावे, ही माझी मागणी आहे. ती मिळेपर्यंत पालकांनी औषध घेतानाच सिरिंज वेगळी मागून घ्यावी.