‘दीवार’ की ‘अर्धसत्य’? गोदीतला आपला माणूस

मालवणात घरटी एक माणूस मुंबईला, म्हणून ‘दीवार’ सिनेमातली (१९७५) गोदी आम्हाला ओळखीची वाटते. पण तिथे कोकणी माणूस शोधूनही सापडत नाही, नायक विजय वर्मा. गोदीतले रहीमचाचा मात्र आहेत, आणि देव न मानणाऱ्या विजयला मुसलमानांना पवित्र असलेल्या ७८६ या आकड्याचा बिल्ला वाचवतो. ही सरमिसळ खरी मुंबईची.

‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) मराठी माणूस थेट मध्यभागी: सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. (आडनाव तर आमच्याच किनारपट्टीवरचं!) कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा नाटककार तेंडुलकरांची, त्यामुळे हवालदार बापाचा घरातला धाकही आपल्याच घरांतला वाटतो.

बायकांचं म्हणाल तर ‘अर्धसत्य’ची ज्योत्स्ना प्राध्यापिका, स्वतःचं मत असलेली. ‘दीवार’ची अनिता जवळजवळ मरण्यापुरतीच. माझं मत ‘अर्धसत्य’ला. आई अजून विजयवरच अडून आहे.