कर्तबगार स्त्रियांच्या चित्रांचा संच: काही महिने वापरल्यावर काय टिकलं, काय उतरवलं

निकाल आधीच सांगून टाकते. इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांचा सहा चित्रांचा संच मी घेतला होता. कित्येक महिने तो रोज डोळ्यांसमोर राहिला आणि आज त्यातली दोनच चित्रं भिंतीवर आहेत. बाकीच्या चार फ्रेम तशाच ठेवल्या, आतलं चित्र बदललं. आत्ताची भिंत मला मनापासून आवडते, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

संचात सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, मेरी क्युरी, फ्लोरेन्स नाइटिंगेल, एडा लव्हलेस आणि रोझा पार्क्स होत्या. ए-३ आकार, सपाट रंगातली रेखाटनं, फिकट पार्श्वभूमी, खाली नाव आणि बहुतेकांच्या खाली एक स्फूर्तिदायक वाक्य. कागद जाड आणि मॅट, छपाई स्वच्छ. सुरुवातीला घरी येणारा प्रत्येक जण भिंतीपाशी थांबून "वा, छान!" म्हणायचा. मलाही बरं वाटायचं. पुढे पुढे मात्र त्या चित्रांकडे कुणाचं लक्षच जाईना. माझंही नाही.

कारण चित्रांतच होतं. सहाही जणींना एकच चेहरा दिलाय: तीच लांब मान, तेच सरळ नाक, तेच अर्धं हसू. वर्ण सगळ्यांचा दोन छटा उजळलेला. नावाची पट्टी झाकली तर एडा कोण आणि फ्लोरेन्स कोण हे फक्त केसांवरून ओळखायचं. ज्या बायकांनी आयुष्यभर इतरांपेक्षा वेगळं काही केलं त्यांना एकाच साच्यात बसवलेलं पाहून मला खरंच वाईट वाटलं.

वाक्यांची गोष्ट तर त्याहून वाईट. रोझा पार्क्स यांच्या चित्राखाली, गुणी बायका सहसा इतिहास घडवत नाहीत, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य होतं. हे वाक्य त्यांचं नाहीच. लॉरेल थॅचर उलरिक या अमेरिकन इतिहासकार बाईंनी ते १९७६ साली एका अभ्यासलेखात लिहिलं, आणि लेख होता जुन्या न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) धर्मशील, घरंदाज बायकांवर. इतिहास अशा बायकांची दखल घेत नाही आणि ती घ्यायला हवी, असा त्यांचा रोख होता. म्हणजे भिंतीवर ते जो अर्थ सांगत होतं त्याच्या जवळपास उलटा. शिवाय रोझा पार्क्स यांना ते शोभतही नाही. त्या १९४३ पासून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेच्या, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या शाखेच्या सचिव होत्या. तक्रारी नोंदवणं, कागदपत्रं सांभाळणं, लोकांचे जबाब घेणं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं शिस्तीत केलं होतं. १ डिसेंबर १९५५ ला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला त्यामागे हे सगळं होतं. "बंडखोर बाई" एवढ्या एका शब्दात ते आटपत नाही.

ते चित्र मी सगळ्यात आधी उतरवलं. त्या फ्रेममध्ये आता त्यांचं बसमधलं प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्र आहे, रीतसर परवान्याची प्रत घेऊन लावलेलं. त्या खिडकीबाहेर बघताहेत आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस बसलाय. बघणाऱ्याला वाटतं, हाच तो जागा मागणारा प्रवासी. तसं नाही. छायाचित्र २१ डिसेंबर १९५६ चं आहे. त्या नकारानंतर कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार संपून माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद कायद्याने उठला तो हा दिवस, आणि मागे बसलेला माणूस बातमीदार आहे. प्रसंग छायाचित्रासाठी मुद्दाम जुळवून आणलेला. हे कळलं की प्रत्येक जण परत वळून त्या माणसाचा चेहरा निरखतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: मग खऱ्या दिवशी काय झालं होतं? या फ्रेमसमोर जेवढं बोलणं झालंय तेवढं आधीच्या सहा चित्रांसमोर मिळूनही झालं नव्हतं.

यातूनच मला दिशा मिळाली. चेहरा आणि वाक्य लावण्यापेक्षा त्या बाईचं काम, नाहीतर तिच्या आयुष्यातला एखादा खरा क्षण लावायचा.

नाइटिंगेल यांच्या फ्रेममध्ये आता त्यांनी १८५८ साली प्रसिद्ध केलेला आलेख आहे. क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिक कशाने मेले हे दाखवणारी दोन चक्रं, प्रत्येकात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येण्यासारख्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. हा आलेख मी अभ्यासाच्या टेबलाशेजारी, बसल्यावर नजरेच्या रेषेत येईल असा लावलाय, कारण तो जवळून वाचायचा आहे. माझ्या मुलीने एकदा गृहपाठ करता करता विचारलं, "आई, लढाई होती ना? मग लाल एवढंसंच कसं?" हाच तर नाइटिंगेल यांचा मुद्दा होता. सगळ्यात मोठी पाकळी जानेवारी १८५५ ची. त्या महिन्यात रोगांनी २,७६१ सैनिक गेले आणि जखमांनी ८३. हे आकडे चित्रावर छापलेले नाहीत, त्यांच्याच तक्त्यांमधले आहेत. मी ते एका चिठ्ठीवर लिहून फ्रेमच्या मागे चिकटवले आहेत, आणि मुलगी आता पाहुण्यांना फ्रेम उलटी करून दाखवते. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग तिथल्या लष्करी रुग्णालयांत पोचला, गटारं साफ झाली, खेळती हवा आली, आणि दुसऱ्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या चक्रात निळ्या पाकळ्या झपाट्याने आक्रसत गेल्या. हातात दिवा धरलेली कनवाळू परिचारिका आपल्याला पाठ असते. सरकारला आकड्यांनी कोंडीत पकडणारी ही बाई मला भिंतीमुळे भेटली.

एक सूचना. या आलेखाच्या पहिल्या प्रतीत विक्रेत्याने डावीकडचं लहान चक्र कापून फक्त मोठं, देखणं चक्र छापलं होतं. त्याने अर्थच मरतो, कारण सगळा युक्तिवाद दोन्हींच्या तुलनेत आहे. मागवण्याआधी दोन्ही चक्रं आहेत ना ते बघा. खालचा बारीक मजकूरही वाचता आला पाहिजे. ए-३ साठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेलची फाइल लागते. त्याहून लहान फाइल ताणून छापली की अक्षरांचा चिखल होतो.

आनंदीबाईंच्या जागी १० ऑक्टोबर १८८५ चं छायाचित्र आलं. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली. तिघीही तेव्हा शिकत होत्या. आनंदीबाई अवघ्या वीस वर्षांच्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्यासुद्धा. त्यांचं एकटीचं चित्र आपण इतक्यांदा पाहतो की त्या साऱ्या जगात एकट्याच होत्या असं वाटायला लागतं. इथे शेजारी आणखी दोघी आहेत, तितक्याच लांबून आलेल्या, तितक्याच परक्या भाषेत शिकणाऱ्या. तिघींपैकी कुणीही हसत नाहीये. संचातल्या त्या गुलाबी हसऱ्या आनंदीबाईंपेक्षा हा गंभीर, थोडा थकलेला चेहरा मला शंभरपट जवळचा वाटतो.

एडा लव्हलेस यांच्या जागी त्यांच्या १८४३ च्या टिपणांतला, बर्नुली संख्या (गणितातली एक संख्यामाला) यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याचा तक्ता लावलाय. पंचवीस पायऱ्या ओळीने मांडलेल्या, आणि तेही चार्ल्स बॅबेज यांच्या कधीच पूर्ण न झालेल्या गणनयंत्रासाठी. पुष्कळ जण यालाच पहिला संगणक प्रोग्राम मानतात. दुरून रुक्ष दिसतो हे खरं. प्रोग्रामिंग करणारे मात्र त्याच्यासमोरून हलत नाहीत.

सातवी फ्रेम संचाबाहेरची, आणि रंगांचं म्हणाल तर सगळ्यात देखणी. किड्यांचा अभ्यास करणाऱ्या जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. जंगलात किडे आणि झाडं रंगवली, आजारी पडून १७०१ मध्ये परतल्या आणि १७०५ मध्ये साठ चित्रांचा ग्रंथ काढला. किडे कुजक्या घाणीतून आपोआप जन्मतात असं तेव्हा अजून पुष्कळांना वाटत होतं. मेरियन यांनी अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी ज्यावर जगते ते झाड, असं सगळं एकाच पानावर रंगवलं. मी ग्रंथातलं पहिलं चित्र लावलंय: अननस आणि त्यावर झुरळं. झुरळं बघून काही जण तोंड वाकडं करतात, पण अननसाच्या पानांची काटेरी कड एकदा जवळून बघाच. यात चित्र आणि काम एकच आहे, म्हणून भिंतीसाठी याहून चांगली निवड मला तरी सुचत नाही.

संचातली जी दोन राहिली त्यातलं एक मेरी क्युरींचं. त्यात वाक्य नाही, फक्त १९०३ आणि १९११ ही दोन नोबेलची वर्षं आहेत, आणि त्या काम करताना दाखवल्या आहेत. दुसरं सावित्रीबाईंचं. सासूबाई त्याच्यासमोर नातीला १८४८ ची शाळा, अंगावर फेकलेलं शेण आणि जवळ बाळगलेली दुसरी साडी हे सगळं सांगतात, म्हणून ते ठेवलं. तरी माझी तक्रार आहेच. सावित्रीबाई चित्रात कायम तरुण आणि शांत का? १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई कुणी रंगवल्या तर मी त्या लगेच घेईन. आणि त्यांच्या तोंडी दिलेलं ते गुळगुळीत वाक्य! १८५४ सालीच ज्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला, त्यांच्यासाठी बनावट ओळी कशाला?

आता टिकण्याबद्दल. खिडकीसमोरच्या चित्रातला लाल-गुलाबी भाग काही महिन्यांतच फिकटला. ती छपाई डाय शाईची (रंग द्रवात विरघळलेली शाई) होती. पिगमेंट शाईची (रंगाचे बारीक कण असलेली) चित्रं त्याच उजेडात जशीच्या तशी आहेत. काच आणि कागद यांच्यात माउंटची (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीची) जाडी हवीच, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई निघते. माउंट आम्लविरहित कागदाचा घ्या, साधा पुढे कडेने पिवळा पडतो. मोठ्या फ्रेमला काचेऐवजी अॅक्रिलिक हलकं पडतं, पण ते धूळ ओढतं आणि चरे लवकर पडतात, तेव्हा मऊ कापडानेच पुसायचं. चिकटपट्टीवर फ्रेम टांगू नका, खिळा मारा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवला की उभ्या माणसाला नीट दिसतं. लहान मुलं बघणार असतील तर बेलाशक खाली आणा.

असा संच घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा: वाक्य कुठून घेतलं, शाई कुठली, आणि मजकुराविना प्रत मिळेल का. माझ्या विक्रेत्याने पहिल्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. मजकुराविना प्रत मात्र लगेच पाठवली. सावित्रीबाईंची आत्ता भिंतीवर आहे ती तीच.