‘ब्रिक’ : पिक्चर एक, मतं माणसागणिक वेगळी

आधीच सांगून ठेवतो, ‘ब्रिक’ बघायचा असेल तर सबटायटल लावूनच बघा, तुम्हाला इंग्रजी कितीही फाडफाड येत असलं तरी. ह्यातली पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, भराभर बोलतात, आणि जे बोलतात ते आज अमेरिकेतसुद्धा कोणी बोलत नसेल. आम्ही सुरुवात सबटायटलशिवाय केली आणि अर्धं घर चहा टाकायला आत निघून गेलं.

पिक्चर २००५ चा. रायन जॉन्सन, ज्याने पुढे ‘लूपर’ आणि ‘नाइव्ज आउट’ केले, त्याचा हा पहिलावहिला. फिल्म स्कूल संपल्यावर स्क्रिप्ट लिहिली, मग पैशासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावली, शेवटी घरच्यांकडून आणि ओळखीपाळखीतून जमवून साधारण साडेचार लाख डॉलरमध्ये पिक्चर उरकला. हॉलिवूडच्या हिशोबाने ही चिल्लर. शूटिंग कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे गावात, समुद्रकाठीच, आणि तो स्वतः ज्या हायस्कूलात शिकला त्याच शाळेत. एडिटिंग घरच्या कॉम्प्युटरवर. म्युझिक त्याच्या चुलत भावाचं, नेथन जॉन्सनचं, आणि त्याने त्यात स्वयंपाकघरातली भांडी आणि ऑफिसातलं फाइलींचं लोखंडी कपाटसुद्धा वाजवलंय. नंतर अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलमध्ये वेगळ्या नजरेसाठी ज्युरीचं खास बक्षीस मिळालं. म्हणजे घरगुती धंदाच, पण पडद्यावर कुठे गरिबी दिसत नाही.

स्टोरी थोडक्यात. ब्रेंडन नावाचा एकलकोंडा पोरगा (जोसेफ गॉर्डन-लेविट, काय काम केलंय राव), त्याला त्याच्या जुन्या मैत्रिणीचा, एमिलीचा, घाबऱ्याघुबऱ्या फोन येतो, ती चारदोन विचित्र शब्द बोलते आणि फोन कट. दोनच दिवसांनी ती एका सांडपाण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी मेलेली सापडते. हे मी फोडत नाहीये, पिक्चर सुरूच तिथून होतो, पाण्यात पडलेला तिचा हात आणि त्यातल्या निळ्या बांगड्या. मग हा पोलिसात न जाता स्वतःच शोध लावायला निघतो. ड्रग्जचा धंदा करणारा ‘द पिन’, त्याचा मारकुटा माणूस टग, श्रीमंत घरातली लॉरा, आणि शाळेच्या आवारात रुबिक क्यूब घेऊन बसणारा ‘द ब्रेन’, ज्याला सगळ्यांची सगळी खबर असते. डॅशियल हॅमेटच्या जुन्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधलं जग उचलून शाळेत ठेवलंय, आणि कोणी एक माणूस, एकसुद्धा, त्यावर हसत नाही. सगळे गंभीर.

आता खरी मजा. पावसाळा, बोटी जूनपासून वर काढलेल्या, तारकर्लीचं स्कूबा बंद, त्यामुळे मालवणात आमच्या ओळखीतली अर्धी माणसं रिकामी, आणि ती सगळी आमच्या हॉलमध्ये. पिक्चर संपल्यावर जी वादावादी झाली ती पिक्चरपेक्षा थोडीशीच कमी लांब असेल.

तात्यांचं मत पहिल्या अर्ध्या तासातच ठरलेलं, ‘ह्या पोरांका आवस-बापूस आसत की नाय?’ प्रश्न रास्त आहे हो. पोरं रात्रीबेरात्री फिरतात, रक्तबंबाळ होतात, कोणी विचारत नाही. मोठी माणसं मोजून दोनचार. एक शाळेचा व्हाइस प्रिन्सिपल (रिचर्ड राउंडट्री, सत्तरच्या दशकातल्या ‘शाफ्ट’ ह्या डिटेक्टिव्ह पिक्चरचा हिरो), त्याच्यासमोर ब्रेंडन असा बोलतो जसा एखादा डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टरसमोर, की असल्या गप्पा बस्स, काय कारवाई करायची ती कागदावर करा, मग पालकांच्या मीटिंगला भेटू. दुसरी म्हणजे पिनची आई, आणि हा सीन मला अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात आवडला. खाली तळघरात ब्रेंडनला बदडबदड बदडलेलं, मग वर किचनमध्ये सगळे गुंड टेबलाशी गुपचूप बसलेत आणि ती माउली ह्या सुजलेल्या तोंडाच्या पोराला ज्यूस विचारतेय, हे नाहीये, ते चालेल का रे बाळा, ह्या सुरात. आपल्याकडे असती तर कोकम सरबत दिलं असतं आणि जेवूनच जा म्हणाली असती. इथे तात्या पण हसले, पण नंतर म्हणतात की हसवायचं होतं तर आधीपासून हसवायचं, मधेच काय.

माझं तिथेच त्यांच्याशी वाजलं. कारण तात्या म्हणजे दशावताराचे पक्के, जत्रा चुकवत नाहीत. मी म्हटलं, तात्या, धयकाल्यात, म्हणजे दशावताराच्या खेळात, राजा येतो, तोंडाला रंग, अंगावर जरी, आणि सुरू होतो भरजरी भाषणाला, तो दिवसा शेतात असतो नाहीतर टेम्पो चालवतो हे तुम्हाला माहीत असतं, राणीचं काम पुरुष करतो तेही माहीत असतं, तेव्हा तुम्ही विचारता का हा असं का बोलतो? नाही विचारत. पेटीची साथ मिळाली की तो राजाच. मग ह्या पोरांनी चाळीस सालचं बोलणं बोललं तर काय बिघडलं? ‘ब्रिक’ तेवढंच मागतो, की सोंग मान्य करा, पुढे आम्ही बघतो. मान्य केलं तर पिक्चर पकडून ठेवतो, नाही केलं तर ११० मिनिटं जड जातात, ह्यात मधलं काही नाही. तात्यांचं उत्तर, ‘अरे पण दशावतारात ऐकाक तरी येता!’ ह्यावर मी काय बोलणार, साउंड खरंच तसा आहे.

वहिनीचं एकदम उलट. ती रहस्यकथांची भस्म्या रोग झाल्यासारखी वाचक, तिने कॅलेंडरच्या पानामागे नावं लिहून घेतली होती, कोण कोणाला कधी भेटलं, सिगारेट कोणती, गाडी कोणाची. तिचं म्हणणं की मिस्ट्री शंभर टक्के प्रामाणिक आहे, शेवटी जे कळतं त्याचा धागा आधी तुमच्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो, ऐन वेळी आकाशातून खुनी टपकत नाही. हे मी मान्य करतो, दुसऱ्यांदा बघितल्यावर तर जास्तच. पण तिची एक तक्रार पण आहे आणि ती मला पटते, की बायका सगळ्या एक तर बिचाऱ्या नाहीतर कपटी. एमिली म्हणजे सगळ्या गोष्टीचं कारण, पण ती माणूस म्हणून कशी होती हे कळतच नाही, तिचं काम मरायचं आणि आठवायचं. जुन्या डिटेक्टिव्ह गोष्टींचं हे दुखणं जसंच्या तसं उचललंय, भाषा नवीन ठिकाणी नेली तसं हे पण बदलता आलं असतं.

पुतण्या बारावीतला, त्याला फक्त तो पाठलागाचा सीन हवा होता, तोच त्याने मागे नेऊन परत लावला. शाळेच्या इमारतीतून चाकूवाला मागे लागलाय, दोघांचे बूट फरशीवर खाडखाड, आणि ब्रेंडन एका कोपऱ्यावर बूट काढून टाकतो. आता आवाज फक्त मागच्याच्या पायांचा. त्याला कळेना हा गेला कुठे, आणि मग जे होतं ते बघाच, खांबाचा टण्ण आवाज विसरणार नाही. ना बॅकग्राउंडला ढोलताशे, ना स्लो मोशन. पैसे नसताना डोकं कसं चालवतात ते इथे दिसतं. बाकी पुतण्याचं मत ‘मिड’, म्हणजे ठीकठाक.

स्कूबावाला मित्र मात्र वैतागला. तो म्हणे हे सगळं स्टाइल आहे, पिन काळा झगा आणि काठी घेऊन फिरतो, गाडीत मागे टेबललॅम्प लावलाय, वय काय तर सव्वीस आणि पोरं त्याला म्हातारा म्हणतात, ह्यात मला रडू कुठे यायचं? माझं म्हणणं, ते म्हातारावालं गंमत म्हणूनच आहे बाबा, सतरा वर्षांच्या पोराला सव्वीसचा माणूस थेरडाच वाटतो. आणि तोच पिन संध्याकाळी समुद्राकडे बघत ब्रेंडनला विचारतो की टॉल्किन (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला) वाचतोस का, वर्णनं छान असतात त्याची. एवढा मोठा डॉन, आणि बोलायला कोणी नाहीये त्याला. मला तिथे गलबललं, मित्राला नाही गलबललं, विषय संपला.

मधला भाग लांबलाय हे मात्र सगळ्यांनाच वाटलं. नाटकात काम करणारी कारा, सिगारेटी फुंकणारी टोळी, ही सगळी एकामागून एक येतात आणि सबटायटल वाचता वाचता कोण कुणाचा हे हातातून निसटतं. त्यात आमच्याकडे नेमकी तिथे लाईट गेली, परत आल्यावर वहिनीच्या कॅलेंडरवर सगळं समजून घ्यावं लागलं.

शेवटी मैदानात एक सीन आहे, त्यात एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलून निघून जातं आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. हिरोला विचारल्यावर तो एका वाक्यात गुंडाळतो. वहिनी म्हणते तिला ओठांवरून कळलं, मित्र म्हणतो ही फसवणूक आहे, तात्या तोपर्यंत झोपले होते. मला न सांगणंच बरोबर वाटतं, त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत जे बाहेर पडतं तेच एवढं जड आहे.

माझ्याकडून पाचात चार, त्यातला अर्धा त्या किचनला. लहान पोरांना घेऊन बसू नका, मारामारी आणि ड्रग्ज दोन्ही आहे, अमेरिकेतपण ह्याला आर सर्टिफिकेट होतं, म्हणजे सतराच्या आतल्या पोरांसोबत मोठं माणूस हवंच. आणि दुपारी जेवून लगेच अजिबात लावू नका, रात्री लावा, फोन बाजूला ठेवून, कागद-पेन असेल तर अजून बरं.